दिवे लावणाऱ्याचं आडनाव

चार्ल्स्टन, ११ नोव्हेंबर १८६०

प्रिय ज्युडिथताई,

तुझं पत्र आलं. आल्या आल्या फोडलं नाही. आधी भात उतरवला, मिसेस ऑर्टनच्या झग्याची घडी करून ठेवली, हात पुसले, मग बसले. तुम्ही फिलाडेल्फियात सुखरूप पोचलात आणि ॲमोसभावोजींना सुतारकाम मिळालं, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण खाली तू पुन्हा तेच लिहिलंयस, जे शेवटच्या दिवशी जेवता जेवता बोललीस: 'दुसऱ्याच्या मालमत्तेशी संसार मांडलास, आता त्या मालमत्तेपायी स्वतः बुडू नकोस.'

ताई, टायटस हॅस्केटसाहेबांचा गुलाम आहे हे मला माहीत नव्हतं असं तुला वाटतं का? आपण दोघी स्वतंत्र बाईच्या पोटी जन्मलो म्हणून स्वतंत्र. तो गुलाम बाईच्या पोटी जन्मला म्हणून गुलाम. यात त्याचा गुन्हा कुठला आणि आपली कर्तबगारी ती काय? तू उठलीस, सामान बांधलंस आणि मला न उठवता पहाटे निघून गेलीस. जाताना माझ्या उशाशी आईची कात्री ठेवलीस, तेवढ्यावर मी तुझा निरोप समजून घेतला.

कागद तपासणारे पुन्हा आले का, असं विचारलंयस. आले होते. आजीच्या मुक्ततेचा दाखला दाखवला. या खेपेचा शिपाई नवा होता, कागद उलटा धरून वाचत होता. मी तसाच धरू दिला. सुलटा धरा म्हटलं असतं तर मला वाचता येतं अशी त्याला शंका आली असती. पलीकडच्या गल्लीतली चार घरं रिकामी झाली. ज्यांच्याकडे दाखला नाही त्यांना गुलामांचा बिल्ला घ्यायला लावतायत. तू गेलीस ते चूक केलंस असं मी म्हणत नाही. मी राहिले ते चूक, असं तूही म्हणू नकोस.

टायटस अजून इन्स्टिट्यूट हॉलवरच आहे. साहेबांनी त्याला भाड्याने दिलाय, त्याची मजुरी परस्पर साहेबांच्या खिशात जाते. गॅसचे दिवे लावायचे, विझवायचे, खुर्च्या पुसायच्या. एप्रिलात अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवायला देशभरचे पुढारी तिथे जमले आणि दक्षिणेतले रागारागाने उठून चालते झाले, तेव्हा तू इथेच होतीस. त्या दिवशी पक्ष फुटला, आणि फुटलेल्या पक्षाचा उमेदवार कुठून निवडून यायचा? आता उत्तरेकडचा माणूस अध्यक्ष होणार म्हणून इथे प्रत्येक नाक्यावर 'वेगळं व्हायचं' याशिवाय दुसरी भाषा नाही.

आता ऐक आणि कपाळाला हात लाव. देशापासून वेगळं होऊ म्हणणारे सगळे टोपीवर निळ्या फितीचं फूल लावून फिरतात, आणि ती फुलं मी शिवते. मिसेस ऑर्टनने टोपलीभर मागवली. तुझ्यासाठी कारण लिहायचं तर, नाही म्हणाले असते तर उद्याच माझ्या दाखल्यात काहीतरी खोट निघाली असती. फुलं चांगली झालीत. वाईट शिवायला मला येत नाही.

हल्ली कॉफीचा वास सहन होत नाही. बाकी ठीक.

तुझी,
युलाली


चार्ल्स्टन, २२ डिसेंबर १८६०

ताई,

वर्तमानपत्रात तू वाचलं असशीलच. देश फुटला. आमच्या राज्यापुरता तरी फुटला, आणि तोही टायटसच्या दिव्यांच्या उजेडात.

तो काल रात्रपाळी संपवून सकाळी आला तो सरळ खुर्चीत बसला. मी विचारलं, "झालं काय एवढं?"

"सह्या झाल्या."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या. एकेक जण चढायचा, सही करायचा, उतरायचा. सह्या संपता संपेनात. हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. बायका गॅलरीतून रुमाल उडवत होत्या. म्हातारे रडत होते. शेवटची सही झाली तसा एकच गलका झाला. मला वाटलं छत खाली येतंय."

"आणि तू काय करत होतास?"

"मला सांगितलं, टेबलावरचे दिवे मोठे कर. केले." मग घसा खाकरून म्हणाला, "व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना ताडाची झाडं आणून ठेवली होती ना, शोभेला? लोक त्यांच्यावर तुटून पडले. आठवण म्हणून पानं ओरबाडली. बुंधे तेवढे राहिले. मालक नवा देश घेऊन घरी गेले, केर मात्र मलाच काढायला ठेवला."

मी हसले. तो हसला नाही. म्हणाला, "युलाली, तिथं एकानं म्हटलं, आता आपलं जे आहे ते कायम आपलंच राहणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं उभा होतो. आपलं म्हणजे मी."

ताई, तू 'आता तरी ये' म्हणशील. येणं होणार नाही. कॉफीचं कारण तू ओळखलं असशीलच. वसंतात बाळ होईल. माझ्या पोटचं म्हणून ते स्वतंत्र असेल, कायद्यात एवढी एक फट आमच्यासाठी उरलीय. पण त्याला बाप हवा, आणि बाप इथे आहे.

तुझं उत्तर रागाचं असलं तरी पाठव. न आलेल्या पत्रापेक्षा रागाचं बरं.

युलाली


चार्ल्स्टन, फेब्रुवारी १८६२
(पांढऱ्या निशाणाच्या टपालाने)

प्रिय ताई,

युद्ध सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच पत्र पाठवता येतंय, दोन्ही सैन्यं पांढरं निशाण दाखवून टपालाची अदलाबदल करतात त्यातून. एका पानापुरतंच लिहायची मुभा आहे, आणि ते दोन्हीकडचे अधिकारी वाचणार. त्यांना माझा नमस्कार.

तुला भाची झाली. नाव सेलेस्टीन, आईचं. नाक तुझं आहे, म्हणजे स्वभावही तोच निघणार.

डिसेंबरात शहराला मोठी आग लागली. इन्स्टिट्यूट हॉल जळाला, शेजारचं चर्चही. आपली गल्ली वाचली. हॉल उरला नाही म्हणून साहेबांनी टायटसला बेटावर तोफांचे बुरूज बांधायला, मातीच्या कामाला पाठवलंय. समुद्राची हवा त्याला मानवेल असं वाटतं. आम्ही सगळे मजेत आहोत. काही कमी नाही.

पान संपलं.

युलाली


चार्ल्स्टन, ३ मार्च १८६५

ताई,

आता कुणी वाचणार नाही. शहरावर पुन्हा जुना झेंडा लागलाय आणि हे पत्र उत्तरेला जाणाऱ्या बोटीतून येतंय. बोटीबरोबर शिक्षक येतात-जातात, त्यातल्या मिस ॲपलगेटनी ते तुझ्यापर्यंत पोचवायचं कबूल केलंय. तू त्याच पत्त्यावर आहेस की नाही, मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांत तुझी एक ओळ आली नाही. आली नाही की पोचली नाही, तेही माहीत नाही.

'काही कमी नाही' असं लिहिलं होतं ना? मीठ नव्हतं. कापड नव्हतं. मी पडद्यांचे झगे शिवत होते आणि झग्यांचे लंगोट.

'समुद्राची हवा मानवेल' हे मात्र खरं लिहिलं होतं. तू ओळखलंस का? त्याच वर्षी जूनमध्ये बेटावरचे पाच जण कालवं काढणाऱ्यांची एक होडी घेऊन ओहोटीबरोबर निघाले, उत्तरेच्या जहाजांकडे. त्यांत टायटस होता. मला आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी तोंडावर काही दिसू दिलं नसतं, पण तो माझ्या तोंडाला ओळखून आहे.

मला कळलं ते हॅस्केटसाहेबांच्या मुकादमाकडून. दारात येऊन ओरडला, "कुठं लपवलंस त्याला?"

मी कडेवरच्या सेलीला दुसऱ्या बाजूला घेतलं. "माझ्याकडे कशाला विचारता? नवरा माझा म्हटलं की तुम्ही हसायचात. नोकर तुमचा होता, तुम्हीच सांभाळायचा."

त्याने शिलाईची टोपली उलटी केली, गादी फाडली आणि गेला. दार लावलं आणि गादीचा कापूस गोळा करत बसले. पण ताई, तेवढं एक वाक्य बोलल्यावर पुढली तीन वर्षं मी त्याच्यावर काढली.

मग शहरावर उत्तरेच्या सैन्याचे तोफगोळे पडायला लागले. खालचं शहर ओस पडलं, आम्ही वरच्या भागात एका खोलीत आलो. मिसेस ऑर्टन आतल्या गावी पळाल्या. हॅस्केटसाहेब कुठे गेले कोण जाणे.

आणि गेल्या महिन्यात ते आले. निळे कोट घातलेले, बंदुका खांद्याला, आणि चेहरे आपल्यासारखे. काळे शिपाई! त्यातले कितीतरी याच भागातले. लोक त्यांच्या बुटांना हात लावत होते. एक म्हातारी एका शिपायाच्या गळ्यात पडून त्याला सोडेचना, तो बिचारा रांग चुकला म्हणून ओरडा खात होता आणि रडतही होता.

मी प्रत्येक चेहरा बघत सबंध मीटिंग स्ट्रीट त्यांच्याबरोबर चालले. तो नव्हता. रांग थांबली तेव्हा एकाला गाठलं. "टायटस नावाचा कुणी आहे का तुमच्यात?"

"आडनाव काय, बाई?"

"आडनाव नाही."

"सैन्यात आडनावाशिवाय घेत नाहीत."

"मग हॅस्केट असेल," मी म्हटलं.

"हॅस्केट कुणी नाही बुवा."

मागून दुसरा म्हणाला, "उंच आहे का? बोलण्याआधी घसा खाकरतो?"

"हो, हो!"

"मग तो टायटस हॉल. सार्जंट. ब्यूफोर्टच्या इस्पितळात तापाने पडलाय. वाईट ताप आहे."

हॉल नावाचं आमचं कुणी नाही. उंच माणसं पुष्कळ असतात, घसाही पुष्कळजण खाकरतात. तो टायटस माझाच असावा अशी प्रार्थना करू की नसावा अशी, हेच मला कळत नाही. निरोप धाडलाय. वाट बघतेय.

युलाली


चार्ल्स्टन, २६ मार्च १८६५

ताई,

तो माझाच.

मी इस्त्री फिरवत होते. दारात सावली पडली. वर बघितलं तर निळा कोट, आणि कोटाच्या आत माणूस जेमतेम अर्धा उरलेला. घसा खाकरून म्हणाला, "युलाली, इस्त्री उचल. कापड जळतंय."

कापड जळू दिलं.

सेली टेबलाखाली जाऊन बसली. "हा कोण?"

"तुझा बाप."

"माझा बाप बेटावर आहे," ती म्हणाली. तिला आजवर मीच तसं सांगत आले होते. टायटस खाली बसला, टोपी काढली आणि म्हणाला, "बरोबर आहे. तिथूनच आलो. वाटेत जरा उशीर झाला." दोन दिवस ती त्याच्याजवळ गेली नाही. तिसऱ्या दिवशी कोटाची पितळी बटणं मोजायला म्हणून गेली. तिला अजून पाचाच्या पुढे येत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा मोजावी लागतात.

आता आमचं भांडण ऐक. हो, भांडण. आल्यावर आठवडाही झाला नव्हता.

मी विचारलं, "हॉल हे नाव तू कुठून आणलंस?"

म्हणाला, "भरतीच्या टेबलावर कारकुनाने विचारलं, आडनाव? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मालकाचं लाव, सगळे तेच लावतात. मी म्हटलं, मेलो तरी लावणार नाही. मग म्हणाला, काम कुठं करायचास? म्हटलं, हॉलवर. त्याने लिहून टाकलं."

"म्हणजे ज्या इमारतीत तुला कायमचा गुलाम ठेवायच्या सह्या झाल्या, तिचं नाव? ते मी लावायचं? माझ्या लेकीने लावायचं? इतकी नावं पडली होती जगात!"

"त्यांचं काय होतं त्या हॉलमध्ये?" तो चिडला. एरवी चिडत नाही. "चार दिवस आले, आरडाओरडा केला, देशाचे दोन तुकडे केले आणि गेले. काय दिवे लावले ते जगानं बघितलं. खरे दिवे मी लावत होतो. सहा वर्षं, रोज. खुर्ची न् खुर्ची मी पुसलीय. त्या जागेत घाम गाळलेला माणूस मी एकटा होतो. नाव माझंच आहे, युलाली. ते तिथं टाकून गेले, मी उचललं."

मी इस्त्रीकडे वळले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "चल, दाखवतो."

तिघं गेलो. मीटिंग स्ट्रीटवर भिंतींचे सुळके उभे आहेत, मधे विटांचे ढीग, त्यात गवत. हॉल उभा होता तोवर मी त्याला झेंडे आणि फिती पोचवल्या, पण मागच्या गल्लीतून. टायटस समोरच्या पायऱ्यांपाशी थांबला. "आज पुढच्या दारानं."

दार नव्हतंच. आत गेलो तर वर आभाळ. एका कोपऱ्यात कुणाची तरी शेळी चरत होती. तो बोटाने दाखवत होता, इथं व्यासपीठ, इथं मी उभा राहायचो, इथून गॅसची नळी जायची. आवाजात ना राग होता ना दुःख. आपलं जुनं घर दाखवावं तसा दाखवत होता. पायऱ्यांवर बसून आम्ही गुळाच्या पाकातल्या शेंगदाण्याच्या वड्या खाल्ल्या. सेलीने विचारलं, "इथे काय होतं?"

"मोठी माणसं भांडायची," तो म्हणाला.

"मग?"

"मग घर पडलं."

तिला ते पटलं. मलाही पटलं असावं, कारण परतताना शेजारच्या गल्लीतल्या बाईने "कोण म्हणायचं आपण?" विचारलं, तेव्हा मी 'मिसेस हॉल' म्हणून मोकळी झाले. टायटसने ऐकलं. नुसता घसा खाकरला.

परवा आपल्या लोकांची भलीमोठी मिरवणूक निघाली. खाटीक, सुतार, कोळी, शाळेची पोरं, सगळे आपापल्या कामाच्या खुणा घेऊन. आम्ही शिंपी मंडळी कात्र्या उंच धरून चाललो. आईची कात्री माझ्या हातात होती. तू हवी होतीस.

युलाली


चार्ल्स्टन, २६ नोव्हेंबर १८६५

प्रिय ज्युडिथताई,

तुझं पत्र मिळालं. या वेळी आल्या आल्या फोडलं, उभ्यानेच.

ॲमोसभावोजी गेल्या वर्षीच गेले आणि मला हे आत्ता कळतंय. त्यांनी आपल्या आईच्या पलंगाला लावलेला पाय अजून हलत नाही. मी त्यावरच झोपते. त्यांच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना म्हटली. टायटस माझ्या शेजारी गुडघे टेकून होता.

तू लिहिलंस की माझी पत्रं तुला मिळाली, पांढऱ्या निशाणाचंसुद्धा. की उत्तरं लिहिलीस आणि धाडली नाहीस, कारण काहीही लिहिलं तरी ते उपदेशासारखंच व्हायचं. मला उपदेशही चालला असता. असू दे. शेवटी तू लिहिलंयस, 'टायटसला माझा नमस्कार सांग.' त्याचं नाव तुझ्या अक्षरात मी पहिल्यांदा पाहिलं. त्याला दाखवलं. त्याला आता वाचता येतं, पलटणीच्या शाळेत शिकला. तो ते पत्र खिडकीशी घेऊन गेला आणि ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

उन्हाळ्यात पलटणीच्या धर्मगुरूंनी आमचं लग्न लावलं. सेली हट्टाने मधे उभी राहिली, म्हणून तिचंही लागल्यासारखं झालं.

तू म्हणतेस, तिघं इकडे या, खोली आहे, शिवणकाम पुष्कळ मिळेल, दक्षिणेत आता काही राम उरला नाही. ताई, इथली हवा अजून धड नाही हे खरं. जुनेच लोक पुन्हा खुर्च्यांवर बसलेत आणि असे कायदे करायला निघालेत की गुलामी म्हणायचं नाही पण ठेवायची. मला भीती वाटत नाही असं मी म्हणणार नाही. पण आठवडाभर जे पाहिलं ते सांगते, मग तूच ठरव.

झायन चर्चमध्ये आपल्या लोकांची सभा भरली होती, सगळ्या राज्यातली. आपले लोक! सुतार, शिंपी, उपदेशक, शिपाई, कालपर्यंत कुणाच्या तरी मालमत्तेच्या वहीत घोड्यांच्या खाली नाव असलेले. शाळा हव्यात, कोर्टात साक्ष द्यायचा हक्क हवा, मत हवं. मला वाटलं होतं, एका सुरात बोलतील. कसलं! कडाक्याने भांडले. सगळ्यांना मत मागायचं की वाचता येणाऱ्यांनाच, यावर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ इतके संतापले की टोपी घालून तरातरा बाहेर गेले. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "झालं! आपलंही फुटलं." मलाही तेच वाटलं. या शहरात माणसं सभेतून उठून गेली की पुढे काय होतं ते मी पाहिलंय.

टायटस माझ्या पलीकडे बसला होता. तो उठला आणि त्यांच्या मागोमाग गेला. पायरीवर गाठलं म्हणे. म्हणाला, "काका, तुम्हाला लिहितावाचता येत नाही म्हणून राग आला का?"

"हो," ते म्हणाले. "आत सगळे पंडित. माझ्या वतीने कोण बोलणार?"

"मग तुम्ही बाहेर आल्यावर तर कुणीच नाही."

गृहस्थ टोपी हातात घेऊन परत आले आणि थेट पुढे जाऊन तावातावाने बोलले. खूप चुका केल्या, खूप टाळ्या घेतल्या. संध्याकाळपर्यंत भांडण चाललं, पण सगळे आतच होते. शेवटी जे मागणं लिहिलं, ते सगळ्यांच्या नावाने.

विधानसभा ते मान्य करेल असं मला वाटत नाही. टायटसलाही नाही. पण तो म्हणतो, पुढच्या वर्षी पुन्हा मागू, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. त्याची पलटण अजून इथेच आहे. सुटला की गॅस कंपनीत काम मागणार आहे.

म्हणून आम्ही येत नाही, ताई. तू ये. एकटीने तिथे कुणासाठी राहायचं? शाळेत एकेका बाकावर तिघांच्या जागी सहा पोरं बसतात, आजीबाईसुद्धा नातवाच्या पाटीवर अक्षरं गिरवतात, आणि शिकवणाऱ्या बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तू आपल्या स्वयंपाकघरात दार लावून, लपूनछपून मुलांना शिकवायचीस. आता रस्त्याकडची खिडकी उघडी टाकून शिकव. मिस ॲपलगेट म्हणतात, तुझ्यासारखी उद्या आली तर त्या आजच जागा देतील.

खोलीची सोय केली आहे. टायटसने भिंत पांढरी केली. पलंग तुझा, आम्ही खाली झोपू. यावर वाद नको. येताना सुया आण, इथे मिळत नाहीत. गरम कपडे फार नकोत, तेवढं तू विसरली नसशीलच. कोणती बोट ते कळव.

आम्ही तिघं धक्क्यावर येऊ. पाच वर्षांत मी जरा सुकलेय, केसही पांढरे झालेत. पटकन ओळखू आले नाही तर घाबरू नकोस. मी हाक मारीन.

तुझी,
युलाली